गोकुळची हाक

मेघाचा विषय विद्यापीठात कुणाला चटकन कळत नसे. धड संगीत नाही, धड समाजशास्त्र नाही. राबताना माणसांच्या भोवती कोणते आवाज असतात आणि त्यांच्या गाण्या-बोलण्याचं त्यात काय होतं, हे ती शोधत होती. आईच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याकडं होत्या. आता कारखाना हवा होता. तिला कुणी आत सोडेना, तेव्हा शेंद्र्याच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्या धाकट्या भावानं, सम्यकनं, खिशात मोबाइल चालू ठेवून शिफ्टा रेकॉर्ड करून आणल्या. स्वतः मात्र त्यानं त्या ऐकल्या नाहीत. प्रेसच्या दणक्यांनी त्याचे कान जवळपास गेले होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच्या शेजारच्या मशिनीवरचा गोकुळ मशिनीत सापडून मेला.

ओव्या आणि कारखान्याचे आवाज एकत्र करून मेघानं एक प्रयोग बसवला. त्या दिवशी सम्यक गोकुळच्या आईला, दगडाबाईला, दौलताबादहून घेऊन आला. पोरगा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती.

सभागृह भरलेलं होतं. स्पीकरमधून पत्र्यावर प्रेस आदळत होता आणि त्यावर मेघा ओवी गात होती. मध्येच त्या गदारोळातून एक हाक आली, "ए सम्या! चहा आला रे!" कुणाची ते मेघाला ठाऊक नव्हतं. आवडली म्हणून तिनं ती पुन्हापुन्हा फिरवली होती, दर वेळी जरा मोठी.

दगडाबाई उठली. "गोकुळ?"

सम्यकनं तिचा हात धरला. "मावशी, काय झालं?"

हात झटकून ती पुढं गेली. स्पीकरला दोन्ही हात लावून ओरडली, "कुठंय रे बाबा? बाहेर ये!"

लोकांना तो प्रयोगाचाच भाग वाटला. मेघानं लॅपटॉप बंद केला, तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

बाहेर पायरीवर मेघानं भावाच्या कानाशी तोंड नेऊन काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तो रोज हाक मारायचा. मला येत नव्हती ऐकू. मग येऊन खांदा हलवायचा."

पुढच्या आठवड्यात पुण्याहून एका आयोजकाचा फोन आला. प्रयोग त्यांना हवा होता. "त्या आजी पण येतील ना?" त्यानं विचारलं. मेघानं फोन ठेवून दिला.

मग दगडाबाईच घरी आली.

"पोरी, माझ्या लेकराला त्या मशिनीतून काढून दे."

मेघानं सॉफ्टवेअर लावून हाक वेगळी करायला घेतली. प्रेस जसजसा पुसला, तसतसा आवाज डब्यातून आल्यासारखा चिरका झाला. दगडाबाईनं हेडफोन लावला, ऐकलं आणि काढून ठेवला.

"हा कोण? हा माझा नाय."

"मावशी, दोन्ही आवाज एकमेकांत अडकलेत. मशीन काढली की तो पण जातो."

दगडाबाईनं हेडफोन तिच्याकडं सरकवला.

"मग ऱ्हाऊ दे. मशिनीसकट दे."

मेघानं ते तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं. तो प्रयोग तिनं पुन्हा केला नाही.

दौलताबादला शेजारणी आता दगडाबाईकडं फारशा जात नाहीत. म्हातारीच्या घरात दिवसभर कारखाना चालतो, म्हणतात.