कोरी बाटली

सप्टेंबरातल्या त्या सकाळी उजेडाला कसलीच घाई नव्हती. आधी तो पलीकडच्या डोंगरकण्यावर फिकट पांढरा होऊन रेंगाळला. मग दरीतल्या धुक्यात उतरला आणि तिथेच बराच वेळ मुरत राहिला. आवारातले दिवे अजून जळत होते, पण त्यांचा उपयोग हळूहळू संपत चालला होता. एकेका पिकअपच्या टपावरचे दव चमकू लागले, कडेला लाल पडलेली डॉगवुडची पाने ओळखू येऊ लागली, आणि सरतेशेवटी एक अरुंद तिरीप तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आत येऊन नोलन प्रुइटच्या टेबलावरच्या कागदांवर टेकली.

त्या कागदांवर त्याची सही व्हायची होती. राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ऊर्जा आणि पर्यावरण विभागाचा तो दोन वर्षांपासून प्रमुख होता. हाताखाली एकशे बारा माणसे. टेकडीखालच्या खडकात कार्बन डायऑक्साइड कोंडून ठेवण्याचा प्रयोग आणखी पाच वर्षे, दुप्पट वेगाने चालवायची परवानगी त्यांना वॉशिंग्टनकडून हवी होती. शेवटच्या पानावर एक वाक्य होते : ‘वायू कोठेही वर झिरपल्याचे आढळलेले नाही.’ ते वाक्य त्याने तीनदा वाचले, आणि पेन उघडून तसेच धरून ठेवले.

तेवढ्यात फाटकावरून फोन आला. व्हर्ना ओगल आल्या आहेत, भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणतात.

पाहुण्यांच्या खोलीत व्हर्ना कोट न काढताच बसली होती. मांडीवर तिच्या नवऱ्याचा, हर्शेलचा जेवणाचा डबा. एकतीस वर्षे हर्शेल तो घेऊन नमुने गोळा करायला विहिरींची फेरी करत असे, आणि नोलन नवखा असताना त्यातली अर्धी कॉर्नब्रेड त्याला देत असे. “खा प्रोफेसर,” म्हणायचा, “पुस्तकांनी पोट भरत असतं तर तू एव्हाना बैल झाला असतास.”

“मिस व्हर्ना, कॉफी आणू?”

“नको. बैस.” तिने डबा उघडला. आत पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली मुठीएवढी पोलादी बाटली होती. “गॅरेज आवरत होते. रंगाच्या डब्यांमागे होती. यावर मार्चची तारीख आहे, आणि त्याची सही.”

नोलनने ती लगेच ओळखली. कोंडायच्या वायूत ते खुणेचा एक वायू मिसळत. कुठे वर आलाच, तर ओळखता यावा म्हणून. ज्याने सकाळी त्या खुणेच्या टाकीला हात लावला, त्याने त्या दिवशी नमुने घ्यायचे नाहीत, असा नियम होता. बाहीला लागलेला लवलेशही नमुना नासवतो. म्हणूनच प्रत्येक विहिरीपाशी त्याच हातांनी, सोबत नेलेल्या शुद्ध नायट्रोजनने आणखी एक बाटली भरायची. तिला सगळे ‘कोरी’ म्हणत; डब्यात होती ती कोरीच. कोरीत खूण निघाली तर हात मळलेले. नाही निघाली, तर विहीर खरे सांगते आहे.

मार्चमध्ये टेकडीखालच्या झऱ्याच्या विहिरीत खूण निघाली होती. टाकीच्या चावीच्या वहीत त्या सकाळी हर्शेलची सही होती. तेवढ्यावर नोलनने त्या दिवसाच्या नमुन्यांची सगळी खेप टाकून द्यायला सांगितले आणि हर्शेलला हलगर्जीपणाचे पत्र लिहिले. एप्रिलमध्ये हर्शेलने आपले ओळखपत्र फाटकावर ठेवले आणि तो घरी गेला.

“चावी त्याने घेतली, ती दुसऱ्याला द्यायला,” व्हर्ना म्हणाली. “टाकीजवळ गेलाच नाही. तुला सांगत होता ना? तू म्हणालास, वही खोटं बोलत नाही.”

“म्हणालो होतो.”

“मग जूनमध्ये तो स्वतःच बघायला गेला. झऱ्यावर बांधलेल्या खोलीच्या तळघरात. तिथेच संपला. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल बाबा, सत्तरीला आला होता. दफनाला तूही तेच म्हणालास, माझा हात धरून. पण बिस्किट त्याच्या पायाशी मरून पडलं होतं, नोलन. चार वर्षांचं कुत्रं. त्याचंही हृदय?”

नोलनला तळघरात साचून जीव घेणाऱ्या जड वायूविषयी शंभर पाने लिहिता आली असती. त्याने डब्यातली बाटली उचलून तिच्यावरची तारीख पाहिली.

“माझ्या टेबलावर जेवलायस तू,” ती उठत म्हणाली. “मला पैसा नको, की माफी नको. ते पत्र खोटं होतं की खरं, एवढंच सांग.”

बाटली घेऊन तो तळमजल्यावर दीना कोव्हॅककडे गेला. सगळे नमुने यंत्रावर तपासणारी तीच. तिने सील उलटसुलट पाहिले. ते शाबूत होते. काही न विचारता तिने बाटली जोडली. वीस मिनिटे यंत्र चालले. पडद्यावरची रेघ खुणेच्या जागेपाशी आली आणि सपाट पुढे निघून गेली.

“काही नाही यात,” दीना म्हणाली.

“पुन्हा घे.”

“घेते. पण तुलाही माहीत आहे काय येणार ते.” दुसरी रेघही सपाटच गेली. दीनाने खुर्ची वळवली. “मार्चमध्ये मी तुला विचारलं होतं, नोलन. खेप टाकायच्या आधी कोरी उघडून बघू का म्हणून. तू दारात उभा होतास. म्हणालास, वेळ नाही. मग हर्शेल आला आणि ती कोरी उचलून घेऊन गेला. मीही गप्प बसले. ते माझ्या माथी.”

त्याने तिच्याच फोनवरून टेकडीवर कळवले : झडप बंद करा, आत्ता, आणि झऱ्याखालच्या तिन्ही घरांतल्या माणसांना बाहेर काढा. पलीकडच्याने विचारले, “किती वेळासाठी?” तो म्हणाला, “कायमची.” मग वर जाऊन त्याने शेवटच्या पानावरचे ते वाक्य खोडले आणि व्हर्नासाठी कोरा कागद पुढे ओढला. तिरीप आता टेबलावरून उतरून भिंतीकडे सरकली होती. ‘पत्र खोटं होतं,’ एवढे लिहून झाले. पुढे ‘माझी चूक झाली’ असे लिहिणार होता, पण ती चूक नव्हती. हर्शेलचे हात मळलेले आहेत असे त्याला मनापासून वाटले असते, तर ते सिद्ध करायला सर्वांत आधी त्यानेच कोरी उघडायला लावली असती.

ती स्वच्छ निघेल, हे त्याला मार्चमध्येच माहीत होते.