कपड्यांसकट वजन

"स्वेटर काढा."

"अहो, थंडी किती आहे! राहू द्या ना, तेवढ्याने काय फरक पडणार आहे?"

"टोपी पण काढा. मोजे पण. आणि खाली बांधलंय ते ओलं असेल, तेही."

बाळाच्या आईने मदतीसाठी रांगेतल्या बायकांकडे पाहिलं. बायकांनी माना खाली घातल्या. प्रत्येकीची पाळी यायचीच होती, उगाच आत्तापासून वाकड्यात कोण शिरणार? शेवटी तिने बाळाचे कपडे उतरवले. बाळाने टाहो फोडला. काट्यासमोरच्या बाईने आधी काटा शून्यावर आहे की नाही ते पाहिलं, मग बाळाला अलगद ठेवून हात मागे घेतले, आकडा थरथरायचा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात तो सांगितला.

दवाखान्याच्या ह्या खोलीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लोक तिला काटाबाई म्हणत. तिच्या तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. उंचीच्या फळीवर मूल आडवं निजवायचं, मदतनीस बाईने डोकं धरायचं, हिने गुडघे सरळ दाबायचे, तळपाय टेकले की आकडा वाचायचा. मग सगळं पुन्हा एकदा करायचं. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. पोर रडून लालबुंद व्हायचं, आई रडकुंडीला यायची, आणि काटाबाई म्हणायची, "रडल्याने उंची बदलत नाही." तिच्या हातात असतं तर तिने पोरांचे दातही काढून बाजूला ठेवले असते, असं दवाखान्यातले लोक आपसात म्हणत.

काम चोख होतं, ह्यात वादच नाही. पण चोख माणसाला एक खोड असते. आपण खरं बोललो म्हणजे आपलं काम संपलं असं त्याला वाटतं. समोरच्याला ते कुठे लागलं, हे बघायला तो थांबत नाही.

तिच्या सुनेला ते लागलं होतं. बाळ बसायला लागलं त्या सुमाराची गोष्ट. सून बाळाला नवे कपडे घालून, आपल्या सासूचीच खोली म्हणून थोड्या ऐटीत दवाखान्यात आली होती. काटाबाईने नातवाचे कपडे उतरवले, वजन केलं आणि नेहमीच्या आवाजात सांगून टाकलं, "गेल्या वेळेइतकंच. वाढ नाही. वरचं खाणं देताय की नुसतं तोंडाला लावताय?"

सगळी रांग सुनेकडे बघायला लागली. तिने बाळाला भराभरा कपडे घातले. घरी आल्यावर मात्र तिचा बांध फुटला.

"परक्या बाईला बोलावं तसं बोललात मला. चार बायकांत लाज काढलीत."

"मी सगळ्यांना असंच सांगते," काटाबाई म्हणाली.

"तेच तर म्हणते मी, आई."

चूक आपली नाही, हे काटाबाईला पक्कं माहीत होतं. सून मात्र त्या खोलीत येईनाशी झाली. ती शिवणाच्या कारखान्यात कामाला जायची, त्याच्या शेजारच्या दवाखान्यात बाळाला नेऊ लागली. तिथली नर्स तरुण होती, गोड बोलायची. "असू द्या हो, कपड्यांसकटच ठेवा. गारठेल बिचारं," असं ती म्हणायची. आणि तिथे बाळाचं वजन वाढू लागलं. आधी थोडं, मग बरंच. सून घरी येऊन नवऱ्याला आकडा सांगायची, मुद्दाम सासूला ऐकू जाईल असा.

काटाबाईने एकदा नातवाला उचललं आणि तिचा हात चटकन वर आला. भरलेली समजून उचललेली घागर रिकामी निघावी तसा. तिने बाळाला खांद्याशी धरलं आणि तशीच उभी राहिली. टोपी, स्वेटर, वर जाड कोट, पायांत बूट. गाल तेवढे बाहेर दिसत होते, आणि गाल लहान मुलांचे असतात तसे होते.

त्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "तिथे कपडे काढतात का गं?"

सुनेने हातातला घास ताटात ठेवला आणि ती उठून आत गेली. मुलगा म्हणाला, "आई, घरात तरी काटा नको. तिने किती मनाला लावून घेतलंय, तुला कल्पना आहे? पुन्हा हा विषय काढलास तर आम्ही वेगळं राहू. हे मी रागाने बोलत नाहीये."

तो खरंच रागाने बोलत नव्हता, म्हणून ती घाबरली. नवरा गेल्यावर तिला हे एकच घर होतं आणि घरात हे तिघं. ती पाणी प्यायली आणि गप्प बसली.

गप्प बसणं तिच्या अंगवळणी नव्हतं. तरी ते जमलं. माणसाला सगळं जमतं, फक्त भीती तेवढी हवी.

थंडी भरात असताना एका संध्याकाळी सून बाळाचा स्वेटर आणि कोट घेऊन तिच्यापुढे आली. "ह्यांची बटणं निघालीत. तुम्ही विणलेलाच आहे स्वेटर, म्हटलं तुम्हीच लावून द्या." आवाजात थोडा समेट होता. काटाबाईला इतका आनंद झाला की तिने दोन्ही कपडे पिशवीत घातले आणि दुपारच्या सुट्टीत लावू म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले.

दुपारी खोली रिकामी झाली. तिने बटणं लावली, दोरा दातांनी तोडला. मग का कोण जाणे, पण काटा शून्यावर आहे का ते पाहिलं आणि स्वेटर व कोट त्यावर ठेवले. आकडा थरथरला, थांबला. ती बघत राहिली. कोटात गुंडाळून आलेली बाळाची टोपी आणि जाड विजारही पिशवीत होती, तीही तिने वर ठेवली. बूट तेवढे राहिले. ज्या वाढीचं घरात एवढं कौतुक चाललं होतं, ती जवळजवळ सगळी समोर काट्यावर पडली होती. आत बाळ नव्हतं.

ती खुर्चीवर बसली. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर तिने त्या बाईला घरी जाऊन बोलावून आणलं असतं, दवाखाना डोक्यावर घेतला असता. नर्सला फैलावर घेतलं असतं. एवढी चीड तिच्या मनात होती, पण ती चीड घेऊन घरी कसं जायचं हे तिला कळेना. मुलाचं ते शांत बोलणं तिला आठवत होतं. आपण तोंड उघडलं की संध्याकाळी सामान बांधलं जाईल. मग बाळ दिसणारच नाही. जवळ असलं तर निदान चार घास आपल्या हाताने भरवता तरी येतील. असं तिने स्वतःला समजावलं, आणि असल्या समजुती माणसाला किती पटकन पटतात!

घरी जाऊन तिने कपडे सुनेच्या हातात दिले.

"बटणं पक्की लावलीत," एवढंच ती म्हणाली.

"बाळाचं कसं वाटतं तुम्हाला?" सुनेने विचारलं. खरंच विचारलं. थंडीभर मनात काहीतरी सलत असल्यासारखं. "अंघोळ घालताना मला बारीक वाटतो. पण हे म्हणतात, माझ्यावर गेलाय. आणि वजन तर वाढतंय ना."

दार उघडलं होतं. पाऊल टाकायचं तेवढं बाकी होतं. काटाबाई म्हणाली, "वाढतंय तर बरंच आहे."

ऊन वाढलं तसे कपडे उतरत गेले. आधी कोट, मग स्वेटर, मग बूट. त्या दवाखान्यातल्या गोड नर्सने बाळाला पातळ झबल्यात काट्यावर ठेवलं आणि ती घाबरीघुबरी झाली. एका महिन्यात एवढं कमी कसं झालं? तिने मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी बाळाच्या दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, हे एका महिन्याचं नाही. थंडी सुरू झाली तेव्हापासूनचं आहे. तेव्हाच आणलं असतं तर खाण्यापिण्यावर भागलं असतं. आता औषधं, आता दर आठवड्याला वजन, आणि तेही नीट करतील अशा ठिकाणी. पुढे डोक्याने, अंगाने किती भरून येईल, ते आत्ता सांगता येणार नाही.

मुलगा हे सगळं घरी सांगत होता. सून भिंतीला टेकून बसली होती. एकदम तिने सासूकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

काटाबाईने आजवर आकडा बदलून सांगितला नव्हता.

"हो."

"कधीपासून?"

"बटणं लावली तेव्हापासून."

"मी विचारलं होतं तुम्हाला," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "रस्त्यावरच्या बायकांना फाडफाड बोलता. मला विचारूनसुद्धा नाही सांगितलंत."

मुलगा काहीतरी म्हणायला गेला. "मीच आईला..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. कुणीच ते पुरं करायला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात सून काटाबाईच्या खोलीत आली. रांग मोठी होती. मदतनीस बाई ओळखून म्हणाली, "अगं, तू कशाला थांबतेस, ये पुढे." सून आली नाही. रांगेतून सरकत सरकत आली, बाकावर बसून बाळाला स्वतःच पूर्ण उघडं केलं आणि काट्यापाशी उभी राहिली. काटाबाईने काटा शून्यावर पाहिला. सुनेने बाळाला ठेवलं. ते रडलंही नाही, वर छताकडे बघत पडून राहिलं.

आकडा थांबला. काटाबाई सुनेच्या कानाशी वाकली.

"मोठ्याने सांगा," सून म्हणाली. "सगळ्यांचं सांगता तसं."

काटाबाई सरळ झाली. "सहा किलो आठशे."

मागे उभी असलेली एक बाई पुढे डोकावली. तिचं स्वतःचं मूल गुटगुटीत होतं. "एवढ्या मोठ्या पोराचं एवढंच? माझं धाकटं ह्याच्याहून भरतं. कमाल आहे बाई, आईचं लक्ष कुठे असतं हल्ली?"

सुनेचे हात बाळाच्या झबल्यात होते. ते तिथेच थांबले.

"आईने विचारलं होतं," काटाबाई म्हणाली. खोलीतल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "आजीला माहीत होतं. ती बोलली नाही."

"अगंबाई!" ती बाई म्हणाली. "कसली आजी म्हणायची ती!"

सुनेने मान वर केली नाही. झबल्याचे बंद बांधले, बाळाला उचललं आणि ती बाहेर गेली. काटाबाईने पातळ फडक्याने काटा पुसला. पुसताना हात जरा जास्त वेळ फिरला. मग तिने तो शून्यावर आला का ते पाहिलं.

"तुमच्या बाळाचे कपडे काढा," ती त्या बाईला म्हणाली.