कढईतलं नाव

बायको, शामला, गेल्यावर महिनाभरानं नत्थूजी इतवारीच्या बाजारात गेले आणि दुधाच्या कढईत तिचं नाव घालून आणलं. लोक भांड्यावर नाव बाहेरून, काठापाशी घालतात. नत्थूजींनी ते आतून, अगदी तळाशी घालायला लावलं. स्टीलची ती मोठी कढई तिनंच घेतलेली, बेसा गावातला बासुंदीचा धंदाही तिनंच उभा केलेला. रोज दूध तिच्या नावावरून फिरावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

बासुंदी आटवताना झारा नावावर आला की हाताला बारीक खरखर लागायची. त्या खरखरीत दुपारची डुलकी यायची. डुलकीत शामला पलीकडच्या बाजूनं ढवळत असायची. बोलायची नाही. दूध मात्र तिच्याकडून इकडे येत राहायचं.

पण बासुंदी टिकेना. दुसऱ्याच दिवशी कडवट व्हायची. दोन मिठाईवाल्यांनी डबे परत पाठवले. शेजारची रितिका अन्न तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती कापसाच्या बोळ्यांनी कढई, काठ, झारा, सगळं पुसून ते बोळे तपासायला घेऊन गेली. चार दिवसांनी आली ती दारातच उभी राहिली.

"काकाजी, झारा साफ आहे. काठ साफ आहे. काकूच्या नावात आहेत."

"कोण?"

"बीजाणू. जंतू कवच ओढून झोपून राहतात, उकळीनंही मरत नाहीत. गुळगुळीत स्टीलवरून धुतले की निघतात, पण नावाच्या कोरलेल्या ठिपक्यांत चिकटून बसतात. बासुंदी कोमट झाली की उठतात."

"अवं, मी तं रोज सोड्यानं घासून राहिलो!"

"ठिपक्याच्या आत घासणी जाते काय?"

नत्थूजी कढईत बघत राहिले. "उकळत्या दुधात झोप लागते त्याहिले?"

"लागते."

"तिच्यापाशी लागनच."

रितिकाला हसावं की नाही ते कळेना. "दुसरी कढई घ्या ना. ही ठेवा घरी."

"अन् हिच्यात काय ठेवू? कांदे?"

"मग नाव काढा. कोणाचं लेकरू खाईन हे, काकाजी."

दूध किंवा नाव, एकच काहीतरी राहणार होतं. नत्थूजी दोन दिवस चुलीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी कढई ऑटोत घालून इतवारीत नेली.

नाव घालणारा तोच होता, दुर्गेश. "काका, मीच तं घातलं होतं. काहून काढता?"

"दुधाले सोसत नाही."

घासायचं चाक फिरलं. बारीक भुकटी उडाली. शा गेला, मग म गेला. दुर्गेशनं चाक थांबवलं.

"हा एक ला राहू देऊ काय? कोणाले दिसत नाही."

नत्थूजी वाकले. त्या अक्षरावरून बोट फिरवलं, सावकाश, जणू कोणाला उठवायचं नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "एकातही राहतीन ते. काढ."

चाक पुन्हा सुरू झालं. त्यांनी डोळे मिटून घेतले. चाकाचा आवाज आधी अक्षरावर अडखळत होता, मग एकसारखा झाला.