एका पिशवीतले दोन उंदीर

उवा म्हटलं की इतरांच्या घरी लोक डोकं खाजवतात, आमच्या घरी चष्मा शोधतात. मावशी उंदरांच्या उवांवर संशोधन करते आणि आई पूर्वी तिच्यासाठी उंदीर पकडायची. पूर्वी. हा शब्द आमच्याकडे जरा जपूनच वापरतात.

या सुट्टीत मी मावशीच्या प्रयोगशाळेत जायला लागले. किळस न करता उंदीर धरता येतो हे कळल्यापासून मला कशाचीच भीती वाटत नाही, अगदी तोंडी परीक्षेचीसुद्धा! प्रत्येक उंदीर स्वतंत्र कापडी पिशवीत येतो. मावशी त्याला गुंगी देते, मी त्याला पांढऱ्या थाळीवर धरून मऊ ब्रशने विंचरते आणि तिळाहून बारीक काहीतरी खाली पडतं. शुद्धीवर आला की उंदीर परत आपल्या बिळाकडे.

"या उवेला पंख नाहीत," पहिल्याच दिवशी मावशी म्हणाली. "आईच्या अंगावरून पिल्लाच्या अंगावर, एवढाच हिचा प्रवास. उंदरांचं एक घराणं फुटून दोन झाली की हळूहळू उवांचीही दोन होतात. लाखो वर्षं हेच चाललंय."

"म्हणजे मालक वेगळे निघाले की भाडेकरूंचीही वाटणी?"

"तसंच समज. दोघांचे वंशवृक्ष शेजारी ठेवले तर फांदीला फांदी जुळते."

"आणि नाही जुळली तर?"

"तर कुणीतरी उडी मारलेली असते." हे म्हणताना तिची मान ताठ झाली. कारण ती उडी तिनेच शोधली होती. डोंगरावरच्या उंदराची ऊ तिला नदीकाठच्या उंदरावर सापडली. त्या शोधाने मावशीला नाव मिळालं, खुर्ची मिळाली.

आणि त्याच शोधापायी आईने काम सोडलं आणि शाळेत शिकवायला लागली. ती मावशीला म्हणाली होती, "त्या दिवशी पिशव्या कमी पडल्या गं. डोंगरावरचा आणि नदीकाठचा, मी दोघांना एकाच पिशवीत घातलं. मधे गाठ मारली, पण उवेला गाठ कसली अडवतेय? छापू नकोस." त्यावर मावशी म्हणाली, "ताई, तुला माझं चांगलं बघवतच नाही." तेव्हापासून दोघी माझ्या वाढदिवसाला तेवढ्या बोलतात, तेही केकबद्दल. मी आईला पिंजरा लावताना कधी पाहिलंच नाही. माझ्या आठवणीतल्या आईच्या हातात खडूच आहे.

यंदा मावशीने नदीकाठचे उंदीर मुद्दाम पुन्हा मागवले. उडी आणखी पक्की करायची होती. मी विंचरत गेले, ती सूक्ष्मदर्शकातून बघत गेली. नदीकाठच्या उंदरांवर नदीकाठच्याच उवा. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तेच. डोंगरावरची एकही पाहुणी नाही.

"क्वचितच आढळत असेल," ती आधी म्हणाली. मग एका दुपारी कितीतरी वेळ डोळा लावून बसली होती.

"मावशी, अगं काच रिकामी आहे!"

"माहीत आहे."

"मग लेख मागे घे ना! त्यात काय एवढं?"

"लेख मागे घेता येतो गं," ती म्हणाली आणि दिवा बंद केला.

संध्याकाळी ती माझ्याबरोबर घरी आली. आई दुसऱ्या दिवशीच्या शिबिरातल्या चिमुरड्यांसाठी रंगीत कागदाचे मासे कापत होती. मावशी बूट न काढता दारातच उभी राहिली.

"ताई, तुझंच बरोबर होतं. ऊ पिशवीतच इकडून तिकडे गेली."

"माहीत आहे," आईची कात्री थांबली नाही.

"मी तसं जाहीर करणार आहे. तुझं नाव घेऊन. पुढच्या आठवड्यात डोंगरावर पिंजरे लावायचेत. तू चल."

"चल ना आई!" मी मधेच तोंड घातलं. "मी धरते, तू फक्त दाखव!"

आईने माशाचा डोळा कापला, मग कात्री खाली ठेवली. "मागे एकदा मी मुद्दाम ओढ्याकडे जाऊन आले," ती म्हणाली. "पूर्वी मला गवतात उंदरांची ये-जा दिसायची. कुठून येतो, कुठे वळतो, सगळं. या वेळी नुसतं गवत दिसलं."

"दिसेल परत. सवयीचा प्रश्न आहे."

"सवय होती तेव्हा का नाही विचारलंस?"

मावशी उंबऱ्यावर बूट घासत राहिली. 

"आत ये. बूट काढ," आई म्हणाली आणि दुसरी कात्री तिच्यापुढे सरकवली.

मावशीला शेपट्या काही जमेनात. एकेक मासा बिनशेपटीचा होत होता. माझ्या हातून असं झालं असतं तर आईने डोक्यात टपली मारून कागद हिसकावला असता. मावशीला ती पाहुणीशी बोलावं तसं म्हणाली, "छान आहे, चालेल," आणि तो मासा वेगळा काढून ठेवला.