आबांच्या गालावरची तुरटी

मी तुरटी बोलतेय. खरं म्हणजे मी बोलायला नको. "घरातली गोष्ट घराबाहेर जाता कामा नये," असं इंदिराबाईंनी आपल्या मुलीला, बेबीला, बजावलं, तेव्हा मी तिथेच मोरीवरच्या फळीवर होते. ताकीद तिला होती, पण ऐकली मीही. तरी सांगते, कारण जे पाहिलं त्यातून मी अजून सावरलेली नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. आठवण सुरू होते ती सियागंज बाजारातल्या एका दुकानापासून. तिथे हातोडीखाली एका मोठ्या ढेपेचे तुकडे झाले, त्यातली मी, मुठीत मावेल एवढी. बेबीच्या आबांनी, संताजीरावांनी, मला उजेडात धरून आरपार पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "ये चलेगी."

संताजीराव होळकरांच्या पलटणीत हवालदार होते. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, पलटण मोडली आणि ते एका शाळेत ड्रिल मास्तर झाले. पलटणीच्या सवयी मात्र सुटल्या नाहीत. पहाटे उठणं, बुटांना पॉलिश, घोटून दाढी आणि दाढीवर मी. "आग झाली म्हणजे साफ झालं," असं ते म्हणत. पितळी बटण असो की स्वतःचा गाल, घासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

दुसरी सवय दारूची. शाळा सुटली की पाय आपोआप कलालीकडे वळत. मला माणूस स्पर्शाने कळतो. त्यांचा गाल वैशाखातल्या काळ्या मातीसारखा कोरडा आणि ताणलेला असे. डोळ्यांखाली सूज, नाकावर लाली. रोज सकाळी आरशात बघून ते म्हणत, "आजपासून बंद." माणसं आरशाला इतक्या सहज कशी फसवतात, याचं मला नवल वाटे.

मग सव्वीस जानेवारी आली. त्या दिवशी काय झालं ते बेबी मोरीत तोंड धुता धुता आईला सांगत होती. झेंड्यापुढे आबांनी मुलांना 'बाएँ मुड़' म्हटलं आणि स्वतः उजवीकडे वळले. सगळी शाळा हसली. नववीच्या रांगेत बेबी मान खाली घालून उभी राहिली.

दुपारी संताजीराव घरी आले. कपाटातली बाटली काढली आणि मोरीत पालथी केली. "संपलं," एवढंच म्हणाले.

इंदिराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता बघ बेबी, महिन्याभरात यांचं तोंड कसं नितळ होतं ते!"

मलाही तसंच वाटलं. पहिल्या आठवड्यात डोळ्यांखालची सूज उतरली. गालाचा ताण गेला. आणि दहाव्या दिवशी मी हनुवटीवरून फिरले ती दचकलेच. खाली काहीतरी टणक होतं. दुसऱ्या दिवशी तशी चार होती. पंधराव्या दिवशी दोन्ही गाल आणि हनुवटी लाल, पिकलेल्या पुटकुळ्यांनी भरून गेली. दारू पिताना ज्या तोंडावर एक फोड नव्हता, त्याची दारू सोडल्यावर ही दशा! मी हादरून गेले.

शेजारच्या कमलकाकूंनी दारातूनच पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "अगं बाई, माता निकली है, देवी आल्यात! इंदिरा, घरात फोडणी देऊ नकोस हो." दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. दूधवाला लांबूनच दूध ओतू लागला. शाळेत हेडमास्तरांनी सांगितलं, "मुलं घाबरतात. बरं होईपर्यंत घरी राहा."

संताजीरावांना हे फार लागलं. "पिऊन जात होतो तेव्हा कोणी घरी बसवलं नाही," ते म्हणाले, "आणि आता बसवतात!"

त्यांनी तोडगा काढला तो पलटणीचा. मला दिवसातून तीनदा घासू लागले. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. आग व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं, तरी दात आवळून घासायचे. मला अभिमान वाटला. एवढ्या संकटात त्यांचा भरवसा माझ्यावर! मी झिजून निम्मी झाले.

एका दुपारी त्यांचे पलटणीतले दोस्त मालोजी आले. पाहताच ओरडले, "अरे भिया, ये क्या हाल बना लिया?"

"दारू सोडली," संताजीराव म्हणाले.

"हां, तो यही होना था! वीस वर्षं तेल घातलेलं मशीन. तेल बंद केलं तर गंज बाहेर येणारच की." त्यांनी खिशातून पव्वा काढला. "एक घोट घ्या. दवा समझ के. चार दिवसांत तोंड पहिल्यासारखं."

"नको."

"मग बसा घरात निंबाचा डहाळा बांधून. नवी नवरीच जणू!"

इंदिराबाई स्वयंपाकघराच्या दारात थिजल्या होत्या. मालोजींनी पेला भरला. संताजीराव कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आरशात पाहिलं, आपल्याच गालाकडे. आणि हात पुढे करून पेला उचलला.

"आबा, कपाळावर नाही आल्या."

बेबी बोलली होती. ही मुलगी पाहुण्यांसमोर पाणीसुद्धा आईच्या हातून पाठवते. वडिलांपुढे तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"काय?" संताजीराव म्हणाले.

"पुटकुळ्या. गालावर आहेत, हनुवटीवर आहेत. कपाळावर एकही नाही. कपाळाला तुम्ही तुरटी लावत नाही."

मी! माझ्यावर आळ! मला फळीवरून खाली पडावंसं वाटलं.

"डोकं फिरलं का तुझं?" मालोजी हसले. "तुरटीने कधी फोड येतात?"

बेबी रडवेली झाली, पण हलली नाही. "मला दोन आल्या होत्या. मी चोरून लावली, तुमच्यासारखीच, खूप घासून. त्या चिघळल्या. सोडली तेव्हा बसल्या." मग आणखी हळू आवाजात म्हणाली, "आणि आबा, तुमच्या सदऱ्याच्या खिशाला रोज तूप लागलेलं असतं."

संताजीरावांचा हात नकळत खिशाकडे गेला. मग त्यांनी कबूल केलं, कलालीची वाट सोडल्यापासून ते शेजारच्या हलवायाकडे जलेबी आणि मावाबाटी खात होते. पहिल्यांदा पावशेर, मग अर्धा शेर. घरी सांगायची लाज वाटत होती. बायकोला कळू नये म्हणून आधी दारू लपवली, आता जलेबी!

त्यांनी पेला खाली ठेवला. "मालोजी, हे घेऊन जा. आधी डॉक्टरला दाखवतो. पोरगी खोटी ठरली तर बघू."

डॉक्टरांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. संताजीरावांनी घरी येऊन त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. माता नाही, काही नाही. दारू सुटली की शरीर गोड मागतं आणि तुम्ही ते शेराने देताय. कातडी आत्ता कुठे सावरतेय आणि तुम्ही तिला सोलताय. घासणं बंद, दाढी बंद, जलेबी बंद. धीर धरा.

"आणि दारू?" इंदिराबाईंनी विचारलं.

"ती बंदच आहे की," संताजीराव म्हणाले.

कडुनिंबाचा डहाळा उतरला. मी स्वयंपाकघरात गेले. आता गढूळ पाण्याच्या हंड्यात मला दोन वेळा फिरवतात आणि बाजूला ठेवतात. पहिले काही दिवस मी फार रडले. जिला सगळे औषध समजत होते ती मी जखमेवर मीठ निघाले. पण इथून मला बेबी दिसते. ती रोज शाळेत जाताना वडिलांच्या गालाकडे तिरप्या नजरेने बघते आणि चप्पल घालते. परवा तिने आईला हळूच सांगितलं, "डावा गाल बराच निवळलाय."

माझं आता फार आयुष्य उरलं नाही. सुपारीएवढी राहिले आहे. वाचकहो, एकच विनंती करते. कोणी वाईट सवय सोडली आणि त्याचं रूप लगेच उजळलं नाही, उलट बिघडलं, तर त्याला हसू नका, पेला भरून देऊ नका. आतलं बाहेर यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्याच्या शेजारी कोणीतरी

"बेबी! अगं, तुरटी कुठे ठेवली? पहिलीच दाढी केली आणि कापलं बघ! घासत नाही गं, नुसती टेकवतो. आण लवकर, शाळेला उशीर होतोय!"

आले, आले! तर मी सांगत होते, शेजारी कोणीतरी न घाबरता