फळ्यावरची तारीख

"अहो ताई, परवा माझ्यासमोर चालू झालं होतं!" फोनवर अनयचा आवाज रडवेला झाला होता.

"तुमच्यासमोर चालतंयच की. तुमची पाठ वळली की रुसतंय," विजयमाला म्हणाली.

वरकुट्याच्या फळ-भाजीपाला संघाच्या शाखेत ती बावीस वर्षं कारकून. डाळिंबाच्या प्रत्येक क्रेटचा नंबर आता बारामतीच्या मुख्य ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून घ्यायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी इथे राउटरची पेटी बसली. तिच्यातून बारामतीपर्यंत एक वाट, साध्या इंटरनेटमधूनच जाणारी, पण फक्त संघापुरती कुलूपबंद. त्या वाटेला व्हीपीएन म्हणतात, हे बारामतीच्या संगणकवाल्या अनयने तिला समजावलं होतं. तो तीनदा आला, तीनदा जोडून गेला, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या सकाळी वाट बंद. शेवटी मुख्य ऑफिसच्या रघुनाथसाहेबांनी बजावलं, उद्या अकरापर्यंत जोडणी झाली नाही तर शाखा बंद, माल थेट बारामतीला.

तो उद्या आज उजाडला होता आणि साडेदहा वाजले होते. बाहेर डाळिंबवाले झुंबरतात्या क्रेट उतरवून ताटकळत होते.

"बाई, नंबर मिळतुय का न्हाय? का टेम्पो बारामतीला वळवू? तितं लायनीतच दिस जातुय."

"थांबा तात्या. अजून अर्धा तास हाय."

अनयने तिला कॉम्प्युटरवर पेटीचं पान उघडायला लावलं. "दिसेल ते वरपासून वाचा." ती पहिल्याच ओळीला अडखळली. रोज आल्या आल्या फळ्यावर तारीख लिहिणाऱ्या बाईला चुकीची तारीख कशी खपणार?

"हितं एक जानेवारी दोन हजार दाखवतंय."

अनयने लगेच विचारलं, "ताई, रात्री वीज जाते का तिकडे?"

"जात न्हाय. मी घालवते."

ही शाखा तिच्या पहिल्या साहेबांनी, आप्पांनी उभी केली. एकदा शॉर्टसर्किटने गोदाम जळालं, तेव्हापासून त्यांचा नियम होता, जाताना मेन स्विच बंद. आप्पा गेले, पण विजयमालाने तो एक दिवसही मोडला नव्हता.

"वीज गेली की पेटी तारीख विसरते," अनय म्हणाला, "आणि चुकीच्या तारखेवर तिला बारामतीच्या कॉम्प्युटरचं ओळखपत्र खोटं वाटतं. मी जोडायचो तेव्हा माझ्या लॅपटॉपवरून तारीख आपोआप बसायची. लक्षातच आलं नाही."

म्हणजे वाट रोज तिच्याच हाताने बंद होत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने आजची तारीख घातली, अनय सांगेल ते बटण दाबलं. पेटीवर हिरवा दिवा लागला. अकराला दहा कमी असताना तात्यांच्या पहिल्या क्रेटचा नंबर आला.

"आला गं बाई!" तात्याच ओरडले.

अकराला साहेबांचा फोन. "कोणी जोडलं? अनय तर इथेच आहे."

"मी जोडलं, साहेब. आन् रोज तोडत हुते तीबी मीच." न सांगताही चाललं असतं, पण सांगितल्यावर तिला बरं वाटलं.

साहेब हसले. "शाखा राहिली, ताई. सांभाळा."

संध्याकाळी तिने पेटीची वायर इन्व्हर्टरला लावली आणि मगच मेन स्विच बंद केला. अंधारात हिरवा दिवा तेवढा राहिला. "आप्पा, नेम मोडला न्हाय बरं का," असं पुटपुटत तिने कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने फळ्याच्या आधी कॉम्प्युटर लावला. पेटीवरची तारीख बरोबर होती. मग तिने खडू उचलला आणि तीच तारीख फळ्यावर लिहिली. अक्षर आज जरा मोठंच आलं.