सगळंच हेडिंग

आप्पांनी आयुष्यभर लोकांची अडलेली कुलपं उघडून दिली आणि दुकान बंद केल्यावर ती सगळी विद्या घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करून काढली. कुलूपदुरुस्तीचं पुस्तक तयार झालं. आता ते छापायचं होतं, आणि घाई होती.

तंत्रशाळेची नवी तुकडी सोमवारपासून बसणार होती. पुस्तक वेळेत आलं तर हेच लावू, नाहीतर जुनंच चालू ठेवू, असं तिथल्या मास्तरांनी सांगून टाकलं होतं. जुनं पुस्तक आप्पांच्या एके काळच्या भागीदाराचं. 'कुलूप जड चालत असल्यास थेंबभर तेल सोडावे,' असं त्यात छापलेलं होतं. तेलावर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो आणि आतल्या पिना अडकतात, हे आप्पा त्या गृहस्थाला भागीदारी मोडेपर्यंत सांगत राहिले होते. आता आणखी एक तुकडी कुलपात तेल ओतायला शिकणार, या विचारानं त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

सूनबाई छापखान्यात पानं लावायची. दुपारी मशीन मोकळं होणार होतं, त्याआधी फाइल पोचवायची होती. सकाळीच ती कॉम्प्युटरसमोर बसली.

"अनुक्रमणिका काढते आप्पा. एका क्लिकचं काम आहे."

तिनं क्लिक केलं. अनुक्रमणिका आली. पान खाली सरकवलं, तरी अनुक्रमणिकाच. सूनबाई सरकवत राहिली. अख्खं पुस्तक, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत, पान क्रमांकांसह अनुक्रमणिकेत येऊन बसलं होतं.

"आप्पा, अनुक्रमणिकेत फक्त मथळे येतात. सगळं पुस्तक 'हेडिंग वन' या मथळ्याच्या स्टाइलमध्ये टाइप केलंत?"

"मग? यादीत एक नॉर्मल होतं, एक हेडिंग. माझं पुस्तक काय नॉर्मल आहे?"

"पण अक्षरं तर बारीक दिसतायत."

"हातानं केली. एकेक परिच्छेद धरून. रंगही निळा येत होता, तो काळा केला. हिवाळा गेला त्यात."

दाराशी भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "अगंबाई! मला वाटायचं, हे लिहितायत."

सूनबाईनं हसू गिळलं. "आप्पा, स्टाइल म्हणजे मास्टर चावी असते. एकदा फिरवली की त्या नावाचे सगळे परिच्छेद एकदम बदलतात."

उपमा नेमकी नको त्या माणसापुढे पडली. आप्पा ताठ झाले. "मास्टर चावीवर माझं अख्खं प्रकरण आहे. ती हरवली की सगळी इमारत उघडी. प्रत्येक कुलपाला आपापली चावी, या तत्त्वावर मी संसार केलाय."

"आणि मला त्यातली एकही दिली नाही," सासूबाई म्हणाल्या.

घड्याळाकडे बघत सूनबाईनं सगळा मजकूर निवडला आणि नॉर्मलवर बोट ठेवलं. आप्पांचा हिवाळा डोळ्यांदेखत सपाट झाला. मग तिनं नॉर्मलचं अक्षर जरा मोठं केलं, तर पुस्तकातलं प्रत्येक अक्षर निमूटपणे मोठं झालं. आप्पा खुर्ची ओढून जवळ सरकले.

"आता सांगा, यातली हेडिंग कुठली?"

"सगळीच..."

"आप्पा, मशीन थांबणार नाही."

आप्पांनी दात ओठ खात एकेक वाक्य सोडायला सुरुवात केली. 'चाव्यांचे प्रकार' ठेवलं. 'कुलूप हातात धरावे' सोडलं. सोडताना मुलीची पाठवणी करावी तसा चेहरा केला. अनुक्रमणिका पुन्हा निघाली: चाव्यांचे प्रकार, तेल घालू नका, पितळी कुलपे, तेल घालू नका, तिजोऱ्या, तेल घालू नका.

"एकदा सांगितलं तरी पोरांना कळेल हो."

"माझ्या भागीदाराला उभ्या जन्मात कळलं नाही."

सूनबाईनं क्षणभर विचार केला आणि एक नवी स्टाइल बनवली. ठळक अक्षर, भोवती चौकट, नाव दिलं 'तेल'. अनुक्रमणिकेत यायचं नाही, पण पानावर नजर चुकवायची नाही. आप्पांनी माऊस स्वतःच्या हातात घेतला आणि प्रत्येक प्रकरणातलं ते वाक्य शोधून चौकटीत बसवलं. मध्ये चौकट आणखी जाड हवीशी वाटली. सूनबाईनं एकदाच बदलली, सगळ्या जाड झाल्या.

"प्रकरण जरा कडकच लिहिलं गेलंय मास्टर चावीवर," आप्पा पुटपुटले.

फाइल पाठवणार इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "काल स्वयंपाकघराचं दार कुरकुरत होतं, मी तेल घातलं. आता मला चौकटीत बसवणार का?"

"बिजागरीला चालतं. फक्त कुलपाला नाही."

"हे पुस्तकात आहे?"

पुस्तकात नव्हतं. पोरं उद्या जगातली सगळी दारं कुरकुरत ठेवतील, आणि भागीदार टाळ्या वाजवील.

"थांब थांब! घाल ते वाक्य," ते ओरडले. सूनबाईनं चटकन टाइप केलं: 'बिजागरीला मात्र तेल चालते.'

"स्टाइल कुठली देऊ?"

आप्पांनी वाक्य दोनदा वाचलं. बायकोकडे पाहिलं. एक लांब श्वास सोडला.

"नॉर्मल," ते म्हणाले. "पाठव."